पिंपाचं देणं-घेणं

चाखणीला बसलेल्या मंडळींत कुणीतरी एक जण दबक्या आवाजात म्हणतोच, "मला मेथीचा वास येतोय." बाकीचे हसतात. पेल्यात असते पिंपात मुरलेली बेल्जियन काळी एल (एल म्हणजे उबेत आंबवलेली बियर), साडेदहा टक्के अल्कोहोलची, तारेच्या जाळीत आवळलेल्या बुचाची, जिची किंमत घरात सांगायची सोय नाही अशी. आणि हिला मेथी? म्हणणारा ओशाळतो, पुन्हा एकदा नाक खुपसतो आणि चारचौघांसारखं "व्हॅनिला, मनुका, ओक" म्हणून मोकळा होतो. वाईट याचंच वाटतं, कारण त्या टेबलावर सगळ्यांत नेमकं नाक त्याचंच होतं. चाखणीची भाषा आपल्याकडे बाटलीबरोबरच आयात होऊन आली. मार्झिपॅन कधी तोंडात न घातलेली माणसं बिनधास्त मार्झिपॅन लिहितात. काकवी, खारीक, जायफळ, सुपारी हे ओळखीचे वास पेल्यात आले, की मात्र गप्प बसतात. या बियरच्या बाबतीत हे गप्प बसणं महागात पडतं. ओतल्यापासून संपेपर्यंत ती तीन-चार वेळा बदलते, आणि बदल पकडायला स्वतःचेच शब्द लागतात.

मेथीकडे येऊच. पण पिंपात जाण्याआधी ही बियर काय असते ते कळल्याशिवाय पिंपाने काय केलं ते कळत नाही. काळी म्हटलं की स्टाउट आठवतो, म्हणजे करपवलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं सातू) आणि कॉफीचा कडवटपणा. बेल्जियन काळ्या एलचा काळेपणा मोठ्या प्रमाणात साखरेचा असतो. माल्ट बऱ्याचदा साधं पिल्सनरचं, जोडीला थोडं गडद. आणि उकळत्या वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या गोड काढ्यात, पडतो तो बिटाच्या साखरेपासून तापवून केलेला गडद कँडी सिरप. रंग, मनुकांची चव, काकवीचा किंचित करपट गोडवा हे सगळं त्याच्याकडून येतं. त्याचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. त्यातली साखर यीस्ट जवळजवळ पूर्ण खाऊन टाकतं, मागे चिकटपणा उरत नाही. एकूण साखरेपैकी १५-२० टक्के अशी बाहेरून आली, तर दहा टक्क्यांची बियरसुद्धा तोंडात जड होत नाही. हाच कडकपणा नुसत्या माल्टवर आणायला गेलं तर पाकाचा घोट घेतल्यासारखं होतं. मग यीस्टची पाळी. किण्वन २० अंशांच्या आसपास सुरू करून २५ च्या वर चढू देतात. त्या उबेत यीस्ट पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास तयार करतं, मसाला एक चिमूटही न घालता. बेल्जियममधल्या मठांच्या बियर घ्या: रोशफोरची १० क्रमांकाची बियर ११.३ टक्क्यांची आहे, वेस्टव्लेटरनची १२ क्रमांकाची १०.२ टक्क्यांची. दोन्ही पिताना आकडा जाणवत नाही. खुर्चीतून उठताना जाणवतो.

हा हलकेपणाच पिंपात गमावण्याची भीती असते.

या बियरभोवती मठाचं धुकं जरा जास्तच पसरवलेलं आहे. लेबलवर मठाची कमान, गॉथिक अक्षरं, आणि आत ओकच्या पिंपात मुरलेली बियर म्हटलं, की वाटतं हे मध्ययुगापासून असंच चालत आलं असणार. खरा इतिहास त्या मानाने कालचा आहे. १९१९ साली बेल्जियमने कॅफेत जिन-ब्रँडीसारखी कडक दारू विकायला बंदी घातली. कायदा मंत्री व्हांडरव्हेल्डे यांच्या नावाने ओळखला जातो आणि तो १९८० च्या दशकापर्यंत टिकला. कडक प्यायची सवय असलेलं गिऱ्हाईक मग कडक बियरकडे वळलं. बेल्जियममधल्या स्कूरमोंच्या मठात शिमे नावाची बियर १८६२ पासून निघते, पण तिथली प्रसिद्ध निळ्या झाकणाची बियर आली १९४८ साली, नाताळपुरती म्हणून. आणि लाकूड? लाकडी पिंपं तर स्टील येण्यापूर्वी सगळीकडेच होती, पण लाकडाची चव बियरमध्ये उतरू नये म्हणून कितीतरी ठिकाणी त्यांना आतून डांबरासारख्या राळेचा लेप देत. चव उतरावी म्हणून कडक बियर दारूच्या रिकाम्या पिंपात भरायची ही कल्पना १९९० च्या दशकातल्या शिकागोची, बर्बन या अमेरिकी मक्याच्या व्हिस्कीच्या पिंपांची. बेल्जियमने ती नंतर उचलली. त्यांची स्वतःची जुनी लाकडी परंपरा वेगळी आहे: रूसेलारेच्या रोडेनबाखमध्ये छताला भिडणाऱ्या ओकच्या टाक्यांत बियर दोन-दोन वर्षं मुद्दाम आंबवतात. ती तांबूस, आंबट, सहा टक्क्यांच्या आसपासची. तिची मोजपट्टी इथे लावली, तर दोन्ही बियरवर अन्याय होतो. रोशफोर आणि वेस्टव्लेटरनच्या नेहमीच्या बाटल्यांत आजही पिंपातली बियर नाही, हेही लक्षात असू द्यावं.

शिमेने मात्र २०१० च्या दशकाच्या मध्यात हे मनावर घेतलं, आणि जरा वेगळ्या पद्धतीने. तयार बियर पिंपात नुसती झोपवून ठेवण्याऐवजी त्यांनी निळ्या बियरला पिंपातच पुन्हा यीस्ट देऊन आंबवलं, आणि मग बाटलीत तिसऱ्यांदा. पहिल्या बाटल्यांसाठी कोन्याक या फ्रेंच ब्रँडीची पिंपं होती. पुढे रम, व्हिस्की, काल्व्हादोस (सफरचंदाची ब्रँडी), आर्मान्याक (द्राक्षाची ब्रँडी) अशी एकेका वर्षाची पिंपं आली. निळी ९ टक्क्यांची, पिंपातली साडेदहाची. या दोन बाटल्या शेजारी-शेजारी ठेवून प्याव्यात, कारण पिंपातली एकटी प्यायली की सगळं श्रेय लाकडाला जातं. खारकेचा वास आला, म्हणे ओक. लवंग आली, म्हणे ओक. शेजारी साधी निळी असली, की खारीक तिच्यातही होती हे लगेच कळतं. ब्रुजच्या हाल्व्ह मानची स्ट्राफे हेंड्रिक क्वाड्रुपल आणि तिचीच पिंपातली बहीण हेरिटेज, ही दुसरी चांगली जोडी.

पिंप नेमकं करतं काय? पहिलं देणं लाकडाचं. ओक जाळावर शेकून वाकवतात. त्या शेकात लाकडातल्या लिग्निनचं व्हॅनिलिन होतं, साखरेसारख्या भागांचा करपट-गोड वास होतो. अमेरिकन ओकमध्ये लॅक्टोन नावाची वासाची द्रव्यं जास्त, म्हणून खोबऱ्याचा वास ठळक. फ्रेंच ओक त्या मानाने मसालेदार आणि जास्त तुरट. लवंगेत असतं तेच युजेनॉल ओकमध्येही असतं, त्यामुळे यीस्टची लवंग कुठली आणि लाकडाची कुठली हा घोळ होणारच. यीस्टची लवंग पहिल्या वासाला वर येते आणि मिरपुडीसारखी झणकते. लाकडाची घोट गिळल्यावर मागून येते आणि बरोबर तुरटपणा घेऊन येते. दुसरं देणं पिंपातल्या आधीच्या रहिवाशाचं. बर्बन कायद्यानेच नव्या, आतून जाळलेल्या ओकमध्ये मुरवावी लागते. एकदा वापरलेलं सुमारे २०० लिटरचं पिंप तिकडे पुन्हा बर्बनला चालत नाही, म्हणून जगभरच्या ब्रुअरींना स्वस्तात मिळतं. फळ्यांत काही लिटर दारू भिनलेली असते. ती हळूहळू बियरमध्ये उतरते आणि टक्का वाढतो. पिंप आकाराने जेवढं लहान, तेवढा लाकडाचा स्पर्श जास्त. बोर्दोचं २२५ लिटरचं नवं पिंप काही आठवड्यांतच बियरवर चढून बसू शकतं, तर तीनदा वापरलेलं पिंप चव जवळजवळ देतच नाही, फक्त श्वास देतं.

तो श्वास हा या व्यवहाराचा अवघड भाग. फळ्यांमधून आणि सांध्यांतून हवा थोडी-थोडी आत येते, पाणी आणि अल्कोहोल थोडं-थोडं बाहेर जातं. स्कॉटलंडच्या थंडीत व्हिस्कीचं पिंप वर्षाला साधारण २ टक्के गमावतं. गोव्याच्या उकाड्यात मुरणाऱ्या सिंगल मॉल्टची तूट त्याच्या कितीतरी पट असते. व्हिस्की ४० टक्क्यांच्या वर असल्यामुळे तिला हवा सोसते. दहा टक्क्यांच्या बियरला मोजूनमापूनच सोसते. पातळी खाली गेली की बियरच्या वर हवेचा थर साचतो, आणि त्या थरात असेटोबॅक्टर जिवाणू अल्कोहोलचा व्हिनेगर करायला बसतात. म्हणून पिंप काठोकाठ भरलेलं ठेवायचं आणि काही आठवड्यांनी त्याच बियरने वरचेवर पुरवणी करायची. सुकं पडलेलं पिंप वापरायचं झालं, तर आधी गरम पाण्याने फळ्या फुगवून गळती बंद करायची. पण दारू नुकतीच काढलेलं ओलं पिंप मिळालं तर धुवायचं नाही, ज्यासाठी पैसे दिले तेच गटारात जातं. लाकडाच्या छिद्रांतून ब्रेटानोमायसिस नावाचं रानटी यीस्टही लपून येतं. नेहमीच्या यीस्टला न पचलेली साखर ते महिनोन्महिने खात बसतं. बियर पातळ होते, चामड्याचा, घोड्याच्या पागेचा वास धरते. ऑर्व्हालच्या बियरमध्ये हेच यीस्ट बाटलीत भरताना मुद्दाम घालतात आणि तिथे ते शोभतं, कारण ती बियर फिकट, हॉप्सच्या कडवट फुलांची, ६.२ टक्क्यांची आहे. काळ्या एलमध्ये पागेचा वास खारीक-मनुकांना गिळून टाकतो, हे आमचं मत. ते नकोच म्हणणारे आणि त्याशिवाय मजाच नाही म्हणणारे, असे दोन तट कायम आहेत.

आता बाटली उघडण्याविषयी. दोन दिवस आधी ती उभी ठेवावी. आत जिवंत यीस्टचा गाळ असतो, आडव्या बाटलीत तो कडेला चिकटतो आणि ओतताना उठतो. फ्रीजमधून काढल्याबरोबर, ४-५ अंशांवर ही प्यायची नसते; त्या थंडीत सगळे वास झोपलेले असतात आणि जागा असतो फक्त तुरटपणा. आपल्याकडच्या तीसेक अंशांच्या खोलीत ३३० मिलीची बाटली वीस-पंचवीस मिनिटांत आणि ७५० मिलीची अर्ध्या-पाऊण तासात १२ अंशांच्या आसपास येते. सुरुवात तिथून. पेला फ्रीझरमध्ये ठेवू नये. मठाचे चषक दिसायला छान, पण त्यांचं तोंड रुंद, वास पळून जातो; तोंडाशी निमुळता होणारा वाइनचा पेला बरा. तो साबणाचा अंश राहणार नाही असा खळखळून धुवावा. तारेची जाळी सैल करताना अंगठा बुचावरून काढू नये, आणि बूच स्थिर धरून बाटली फिरवावी. पेला तिरका धरून, एका दमात, मध्ये बाटली उभी न करता ओतावं. प्रत्येक वेळी उभी केली की गाळ हलतो. म्हणजे जेवढी माणसं तेवढे पेले रांगेत मांडून एकदाच फिरवायची. शेवटचा बोटभर भाग बाटलीत ठेवावा. माणशी १००-१२० मिली पुरे. साडेदहा टक्क्यांच्या ७५० मिलीच्या बाटलीत ६० ग्रॅमच्या वर शुद्ध अल्कोहोल असतं. हा हिशेब सहा जणांत वाटायचा आहे.

फेस कमी आला की लोकांना बाटली मेलेली वाटते. तसं लगेच समजू नये. पिंपात कर्बवायू जवळजवळ सगळा उडून गेलेला असतो. तो परत आणायला बाटलीत भरताना साखर आणि ताजं यीस्ट घालतात आणि बाटल्या उबदार खोलीत काही आठवडे ठेवतात. लिटरला ४ ग्रॅम साखरेपासून साधारण २ ग्रॅम वायू तयार होतो. पण दहा टक्के अल्कोहोल हे यीस्टसाठी कष्टाचं वातावरण. जुनं, दमलेलं यीस्ट तिथे हात टेकतं. शिवाय फेस धरून ठेवणारी प्रथिनं मुरण्याच्या काळात झिजतात आणि अल्कोहोल फेस मोडतो. त्यामुळे करड्या-तांबूस फेसाची पातळ कड राहिली तरी पुष्कळ. जिभेवर बारीक चुणचुण आहे का, एवढं पाहावं. तीही नसेल तर मात्र बियर सपाट आहे, आणि सपाट काळी एल गोडमिट्ट लागते. चिवडा खाऊन तेलकट ओठांनी पेल्याला तोंड लावलं, की असलेला फेसही बसतो. यात ब्रुअरीचा दोष नाही.

पहिला वास लांबून, छोटा. पेल्यात नाक बुडवलं तर दारूची वाफ झिणझिण्या आणते आणि पुढची दोन मिनिटं नाक बधिर. एकदा हुंगावं, थांबावं, पेला फिरवावा, पुन्हा हुंगावं. १२ अंशांवर पुढे असतं लाकूड आणि आधीचा रहिवासी: व्हॅनिला, खोबरं, कोन्याक असेल तर द्राक्षाचा उग्र-गोड वास. पहिला घोट छोटा, तोंडभर फिरवून. यावर मत बनवू नये, तो जिभेला ओळख करून देण्यापुरता. दुसऱ्या घोटाला तीन जागा पाहाव्यात: जिभेच्या कडांना आंबूसपणा किती, मधोमध गोडवा टिकतो का लगेच विरतो, आणि गिळल्यावर हिरड्या, गाल आतून आवळतात का. सुपारीच्या खांडासारखा आवळणारा तुरटपणा असेल, तर बियर पिंपात गरजेपेक्षा जास्त राहिली. तो वेळेने फारसा कमी होत नाही. मग पेला खाली ठेवून दहा मिनिटं दुसरं काहीतरी बोलावं. १५ अंशांच्या पुढे गेली की व्हॅनिला मागे सरते, यीस्टचं केळं-लवंग, सिरपची काकवी, खारीक पुढे येतात. चांगल्या बाटलीत इथे मूळ बियर परत भेटते. सामान्य बाटलीत भेटत नाही; लाकूड ओसरल्यावर मागे नुसती गोड दारू उरते. आमच्या लेखी या सगळ्या प्रकाराचा निकाल याच टप्प्यावर लागतो, पहिल्या वासाच्या वाहवावर नाही. बाजारातल्या पिंपातल्या बऱ्याच बाटल्या इथे नापास होतात आणि त्यांच्या निम्म्या किमतीची साधी बहीण पास होते.

१८ अंशांच्या आसपास येते ती मेथी.

सोटोलॉन नावाचा एक पदार्थ आहे. मेथीच्या दाण्याला जो वास असतो तो मुख्यतः त्याचाच. जुनी शेरी, मदेइरा, फ्रान्सच्या ज्युरा भागातली पिवळी वाइन यांच्यातही तोच, आणि हवेच्या संपर्कात संथपणे जुन्या होणाऱ्या गडद बियरमध्येही तो तयार होतो. अगदी थोडा असला तर नाकाला गूळ-काकवीसारखा वाटतो, जास्त झाला की सरळ मेथी, मसाल्याचा डबा. परदेशी टिपणांत त्याला मेपल सिरप किंवा करी म्हणतात, कारण मेथी त्यांच्या स्वयंपाकघरात नाही. मेथीचे लाडू खाल्लेलं नाक इथे त्यांच्यापेक्षा वरचढ आहे. कुणाला काकवी वाटते आणि कुणाला मेथी, यावरून प्रमाणाचा अंदाजही बांधता येतो. काकवीच्या बाजूला असेपर्यंत बियर छान मुरली आहे. मेथी स्पष्ट झाली म्हणजे हवा भरपूर मिळाली, आता आणखी ठेवण्यात अर्थ नाही, आज प्यायलात तेच बरं केलंत. ओशाळण्यासारखं यात काही नाही. उलट त्या गृहस्थाने एका शब्दात बाटलीचं वय आणि तिचे पुढचे दिवस दोन्ही सांगितले होते.

हवेचीच दुसरी खूण म्हणजे ओल्या पुठ्ठ्याचा वास. फिकट बियरमध्ये तो चटकन सापडतो, काळीत साखर-मनुकांखाली दडतो. गिळल्यावर जिभेवर कागद चघळल्यासारखं राहिलं, तर तोच. तो दोष आहे, त्याला मुरणं म्हणू नये. नेलपॉलिशचा झणका म्हणजे एथिल असेटेट: किंचित असेल तर फळासारखा, जास्त असेल तर पिंप वेळेवर भरलं नव्हतं. सोया सॉस किंवा मांसाच्या अर्काचा वास म्हणजे तळाचं यीस्ट मरून फुटलं. बाटली फार जुनी किंवा फार उबेत राहिलेली. लोण्याचा वास पिंपातल्या जिवाणूंचा. कधी बूच काढताच बियर उसळून निम्मी टेबलावर येते. तेव्हा बहुधा एखादं रानटी यीस्ट बाटलीत शिरून उरलीसुरली साखर खात बसलेलं असतं. आंबटपणाचं गणित जरा नाजूक आहे. किंचित आंबूसपणा गोडव्याला धार देतो, हवाच. पण घशाला व्हिनेगरसारखं चरचरलं, तर "बेल्जियन आहे, अशीच असते" हे दुकानदाराचं म्हणणं मान्य करू नये.

लेबल नीट वाचावं. पिंपात आंबवलेली, पिंपात मुरवलेली आणि व्हिस्की घातलेली या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मेखेलनच्या हेट आंकर ब्रुअरीची एक कडक बियर आहे, तिच्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं, व्हिस्की इन्फ्यूज्ड. ब्रुअरी स्वतःची सिंगल मॉल्ट गाळते आणि तीच बियरमध्ये मिसळते. त्यात लपवाछपवी काही नाही आणि बियरही झकास आहे, पण ती पिंपात मुरलेली म्हणून विकत घेऊ नये. टाकीत ओकचे तुकडे टाकून केलेल्याही असतात. त्यांत व्हॅनिला आणि तुरटपणा मिळतो, तो संथ श्वास मिळत नाही, म्हणून काकवी-मेथीची ती बाजूच त्यांच्यात येत नाही. आणि लेबलवर मठ दिसला म्हणून मठाची असं नाही. षटकोनी ट्रॅपिस्ट (मठवासीयांचा एक पंथ) शिक्का असेल, तरच ती मठाच्या आवारात, मठवासीयांच्या देखरेखीखाली झालेली.

लूव्हनला किंवा आइंडहोव्हनला नोकरीला असलेलं घरातलं कुणीतरी सुट्टीवर येताना बाटल्या आणतं. माणशी दोन लिटरच्या करमुक्त हिशेबात ७५० च्या दोन आणि ३३० ची एक बसते. चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून त्या नीट येतात. घात होतो तो नंतर. पाहुणे येतील तेव्हा उघडू म्हणून बाटली दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये जाऊन बसते. तिथे दिवसभर उजेड, एप्रिल-मेमध्ये ३५ अंश. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणजे ब्रुअरीच्या १२-१३ अंशांच्या तळघरात जे चार वर्षांत व्हायचं ते इथे वर्षभरातच, आणि नीट क्रमानेही नाही: पुठ्ठा आधी, काकवी मागून. तपकिरी काचसुद्धा उजेड पूर्ण अडवत नाही. वाइनचा फ्रीज नसेल तर साध्या फ्रीजच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात, कागदात गुंडाळून, उभी. थंडीने मुरणं थांबेल, एवढंच नुकसान. आणि खरं तर पिंपातली बियर मुरूनच विकायला आलेली असते. घरी आणखी पाच वर्षं ठेवून ती सुधारेल ही आशा साध्या रोशफोरच्या बाबतीत ठीक. पिंपातलीतलं व्हॅनिला आणि दारूचा वास ओसरत जातो, तुरटपणा मात्र राहतो.

बरोबर खायला कमी आणि साधं. न तळलेले अक्रोड, सुकं अंजीर, निळ्या बुरशीचं खारट चीज, सत्तर टक्क्यांचं काळं चॉकलेट. तिखट नको, मिरचीची आग अल्कोहोलने वाढते आणि तुरटपणा तीत तूप ओतल्यासारखा काम करतो. बियरहून गोड पदार्थही आधी नको, श्रीखंडानंतर हीच बियर आंबट आणि पातळ लागते. फ्लांडर्समध्ये काळ्या बियरमध्ये मांस दोन-तीन तास शिजवतात: आधी मांस चांगलं परतून तपकिरी करायचं, मग भरपूर कांदा, मग बियर, आणि वर मोहरीची पेस्ट फासलेला पावाचा तुकडा ठेवायचा, तो विरघळून रस्सा दाट करतो. हे मटणावरही छान होतं, किलोला अर्धा लिटर बियर पुरते. पण त्यात पिंपातली महागडी बियर ओतण्याचा मोह टाळावा. आटताना लाकडाचा तुरटपणाही आटून दाट होतो आणि व्हॅनिलाचा वास कांद्याशी भांडतो. साधी काळी वापरावी. पिंपातलीच्या बाटलीत बोटभर उरवलेला गाळ मात्र शेवटी त्यात गेला तर चालतो, तेवढ्याने काही तुरट होत नाही.